भिंतीवर दिलेला शब्द

तुमच्या खिशात तीन आणे आहेत. ते नीट सांभाळा. आजच्या प्रवासात जी चित्रं तुमच्याकडे बघणार आहेत, त्या सगळ्यांचा डोळा त्या तीन आण्यांवर आहे.

गिरगाव, मे १९१३

शनिवार, ३ तारीख. तुम्ही ज्याला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणता, तो रस्ता आज सँडहर्स्ट रोड आहे. ऊन कलतीला लागलंय, तरी पायाखालची फरशी तापलेलीच आहे. दुरून ट्रामची घंटा ऐकू येते. कोरोनेशन सिनेमॅटोग्राफच्या दाराशी माणसं घुटमळत उभी आहेत. त्यांच्यात काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घातलेले एक कारकून आहेत, हातात इंग्रजी वर्तमानपत्राची घडी. तुम्ही जवळ सरकता.

"इंग्रजी वाचता येतं का हो?" ते विचारतात, आणि तुमच्या उत्तराची वाट न बघता मोठ्यानं मराठीत सांगू लागतात. हिंदुस्थानात तयार झालेला पहिला चित्रपट. पुराणातला बोधपर विषय. अफाट खर्च करून बनवलेला. काशीक्षेत्राची खरी दृश्यं. शिवाय पायांवर वस्तू झेलणारा परदेशी कसरतपटू वगैरे इतर करमणूक. आणि तिकिटाचे दर दुप्पट.

तुम्ही त्यांच्या खांद्यावरून डोकावता. जाहिरातीत एकही चेहरा नाही. 'राजा हरिश्चंद्र'चं नाव आहे, पण हरिश्चंद्र झालेल्या नटाचं नाव ठळक अक्षरात नाही. असणार कसं? सिनेमातला नट ही जातच अजून जन्माला आलेली नाही. तारामती झालेले अण्णा साळुंके स्वयंपाकाच्या कामातून इथवर आलेले, त्यांच्या नावावर कोण तिकीट काढणार? म्हणून जाहिरात दुसरं काहीतरी पुढे करते: देव ओळखीचे, क्षेत्र ओळखीचं, खर्च मोठा, वस्तू देशातली.

तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस एकच प्रश्न विचारतो, "खरंच हलतं का हो ते?" आजच्या जाहिरातीला उत्तर द्यायचंय ते याच प्रश्नाचं.

पुढे हे चित्र बनवणारे दादासाहेब फाळके ते घेऊन गावोगाव फिरतील तेव्हा शब्द आणखी धीट होतील. ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि सगळं मिळून तीन आण्यांत! रात्र-रात्र चालणाऱ्या संगीत नाटकांची सवय असलेल्या प्रेक्षकाला दीड तासाचा खेळ तोकडा वाटायचा, म्हणून लांबी मैलांत मोजलेली. तुम्ही मनात हिशेब करा. चित्रपट साधारण ३,७०० फुटांचा आणि एका फुटात १६ चौकटी. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळपास खरा आहे. पण दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट, तो आकडा जवळजवळ तिप्पट फुगवलेला. एक गोष्ट खरी आणि एक वाढवून सांगितलेली: आपल्या सिनेमाच्या जाहिरातीची बाराखडी ही इथे, पहिल्याच धड्यात गिरवली गेली आहे.

गिरगाव, १९२४

अकरा वर्षं एका पावलात ओलांडा. चाळीच्या कोपऱ्यावरच्या भिंतीपाशी पोरांची गर्दी आहे. या वेळी कुणाला वाचून दाखवावं लागत नाही. भिंतीवर चित्र आहे.

'कल्याण खजिना'. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं चित्र, आणि पोस्टर काढलंय कंपनीचे धनी बाबूराव पेंटर यांनी स्वतः. हा माणूस आधी नाटकांचे पडदे रंगवायचा. तीस फुटांवरच्या प्रेक्षकाला महाल महाल वाटला पाहिजे आणि जंगल जंगल, हे त्याच्या हातात मुरलेलं आहे. पोस्टरच्या कामाला तेच तर लागतं. हातात कागद घेऊन निवांत बघणारा इथे कोणी नाही. बघणारा चालतो आहे, घाईत आहे, त्याच्या डोक्यावर ओझं आहे. त्याचं पाऊल थांबवायला चित्राकडे दोन-तीन क्षण असतात.

पुढे सरका, रंग नीट बघा. या काळात रंगीत पोस्टर छापायचं म्हणजे शिळाछाप. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग शाई फिरवायची. पाणी शाईला दूर सारतं आणि तेलकट रेघ तिला धरून ठेवते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद दर वेळी अचूक त्याच जागी बसला नाही, तर राणीच्या ओठांचा लाल रंग गालावर सांडतो.

ही विद्या मुंबईला नवी नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली छापखाना काढला, तेव्हापासून लक्ष्मी आणि सरस्वती याच वाटेनं घराघरांत पोचल्या. त्या छापखान्याच्या कामात फाळक्यांचेही हात शाईनं माखले होते. म्हणून समोरच्या चित्रातली माणसं थेट तुमच्याकडे बघतात तेव्हा ती नजर तुम्हाला ओळखीची वाटते. ती देव्हाऱ्यातली नजर आहे. देवाच्या तसबिरीनं भक्ताकडे बघावं तसं पोस्टर रस्त्यावरच्या माणसाकडे बघतं. पुढची साठ-सत्तर वर्षं आपली पोस्टरं ही रीत सोडणार नाहीत: चेहरा मोठा, समोरून किंवा किंचित वळलेला, डोळे तुमच्यावर रोखलेले.

एक पोरगा दुसऱ्याला ढुशी देतो. "शिवाजी महाराजांचं हाये." अक्षर न वाचता त्यानं ते ओळखलंय. अकरा वर्षांपूर्वीचा प्रश्न होता, खरं आहे का. आता प्रश्न आहे, आपलं आहे का.

गिरगाव, डिसेंबर १९३७

हवेत गारवा. सेंट्रल सिनेमासमोर नऊवारीतल्या बायका आणि कपाळाला बुक्का लावलेले म्हातारे रांगेत उभे आहेत. आत प्रभातचं 'संत तुकाराम' चालू आहे. गेल्या वर्षी १२ डिसेंबरला लागलेलं चित्र अजून इथेच आहे. ते अजून काही आठवडे चालेल आणि एकाच थिएटरात ५७ आठवडे पुरे करून मगच उतरेल.

तुम्ही पोस्टरवरच्या तुकोबांकडे बघताय, पण तुमच्या शेजारच्या आजींची नजर खाली आहे. तिथे एक कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. पट्टीवर आठवड्याचा आकडा आहे. दर आठवड्याला जुन्या पट्टीवर नवी बसते, त्यामुळे ती जागा पापुद्रा धरून जाड झाली आहे.

"इतक्या लोकांनी पाहिलाय म्हणजे बरा असणार," आजी म्हणतात. "तुम्ही पाहिलात का? कसा आहे?"

इथे जरा थांबा, कारण पोस्टरच्या इतिहासातला हा फार मोलाचा क्षण आहे. वर जे चित्र आहे तो निर्मात्याचा शब्द. खालची पट्टी ही लोकांची साक्ष. चित्रकार कितीही रंग ओतू शकतो, पण पट्टीवरचा आकडा मात्र पाहून आलेल्या माणसांनी वाढवलेला असतो. चाळीतल्या नळावर, गिरणीच्या दारात, ट्रामच्या थांब्यावर "कसा आहे?" या प्रश्नाला जी उत्तरं मिळाली त्यांची बेरीज म्हणजे तो आकडा. पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव आणि पन्नासांचा सुवर्णमहोत्सव हे शब्द मराठी घरात लग्नाच्या वाढदिवसासारखे रुळले, ते याच पट्ट्यांमुळे.

सेंट्रलपासून ग्रँट रोडच्या बाजूला चालत गेलात, तर फुटपाथवर कापड पसरून बोर्ड रंगवणारी मंडळी दिसतील. मकबूल फिदा हुसेन नावाचा तरुण याच दशकात मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवून पोट भरतोय. मोठ्या आकारावर न बिचकता एका दमात रेघ ओढायची, हे त्याचा हात रस्त्यावरच शिकतो आहे.

परळ ते मुंबई सेंट्रल, १९६०

परळ. राजकमल कलामंदिर या स्टुडिओच्या आवारावरून पुढे जाताना टर्पेंटाइनचा वास येतो. व्ही. शांताराम हे बाबूराव पेंटरांच्या कंपनीत घडलेले. त्यांनी १९४२ साली राजकमल उभं केलं आणि जाहिरातीच्या कामासाठी कोल्हापूरचाच हात आणला: जी. कांबळे. 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ' ही चित्रं लोकांच्या डोळ्यांसमोर आधी उभी राहिली ती कांबळ्यांच्या रंगांतून. कोल्हापुरातले पडदे रंगवणारे हात आणि परळचे बोर्ड रंगवणारे हात यांच्यात असं थेट नातं आहे.

बोर्ड कसा होतो ते बघून घ्या. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाला आधी खळ आणि पांढरा रंग. मग हातातल्या छोट्या फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे आणि तेवढेच चौकोन कापडावर कोळशानं. फोटोतल्या एका चौकोनात नायिकेच्या डोळ्याचा कोपरा असेल, तर कापडावरचा तो एक चौकोन तुमच्या छातीएवढा. शिडीवर चढलेल्या माणसाला समोर फक्त गुलाबी आणि तपकिरी डाग दिसतात. चेहरा दिसण्यासाठी खाली उतरून रस्ता ओलांडावा लागतो. म्हणून पलीकडच्या फुटपाथवरून एक जण ओरडतो, "डावी भुवई वर घे!" आणि वरचा माणूस आपल्याला न दिसणारी भुवई वर घेतो.

रंगांचीही भाषा आहे. चेहऱ्याच्या एका बाजूला पिवळा-नारिंगी उजेड, दुसऱ्या बाजूला निळी किंवा हिरवी सावली. जवळून हे भडक वाटतं, पण साठ फुटांवरून आणि पावसाळी उजेडात तोच चेहरा जिवंत होतो. खलनायकाच्या वाट्याला हिरवा जास्त. मारामारीला लाल. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लांबूनच कळतं की आत रडायचं आहे, हसायचं आहे की हातांच्या मुठी वळायच्या आहेत. आणि अक्षरं? नाव तीन लिप्यांत: देवनागरी, उर्दू, रोमन. कोकणातून आलेला, उत्तरेतून आलेला आणि कॉलेजात शिकणारा, तिघांनाही हाक जायला हवी.

आता मुंबई सेंट्रलला चला. ५ ऑगस्ट. 'मुगल-ए-आझम' आज मराठा मंदिरमध्ये लागतो आहे. थिएटर मोगल महालासारखं सजवलंय. समोर अकबराच्या वेषातले पृथ्वीराज कपूर उभे आहेत, ४० फूट उंच. ही सजावटही कांबळ्यांची. त्यांना उत्तम रंग मिळावेत म्हणून दिग्दर्शक के. आसिफ यांनी विन्सर अँड न्यूटनच्या रंगांचा देशभरातला साठा विकत घेतला, असं सिनेमाच्या धंद्यात आजही सांगतात.

छत्रीखाली उभा असलेला एक जण मान वर करून बघत राहतो. त्याच्या डोळ्यांत प्रश्न आहे, किती मोठं? उत्तरासाठी त्याला तिकीट काढायची गरज नाही. उत्तर त्याच्या डोक्यावर ४० फूट उभं आहे, आणि ते त्याला फुकटात मिळालंय. तिकीट परवडलं नाही तरी बादशहाच्या पायाशी उभं राहण्याचा त्याचा हक्क कुणी काढून घेत नाही.

ऑपेरा हाउस ते लालबाग, १९७३ आणि १९७५

मे १९७३ मधली एक पहाट. ऑपेरा हाउसच्या चौकात 'जंजीर'ची पोस्टरं आहेत. रात्री त्यांच्यावर काहीतरी घडलंय. प्रत्येक पोस्टरवर रंगानं एक ओळ उमटली आहे: लेखक सलीम-जावेद. कुठे ती कुणाच्या नाकावर आली आहे, कुठे कुणाच्या हातावर. पोस्टरवर लेखकाचं नाव टाकायची पद्धत नव्हती, म्हणून या दोघांनी माणूस पाठवून जुहूपासून इथवर ते रंगवून घेतलंय.

ही खोडी वाटली तरी तिच्यामागचं दुखणं खरं आहे. पोस्टरवरची जागा म्हणजे मान. कुणाचा चेहरा केवढा, कुणाचं नाव आधी, संगीतकाराचं नाव कोणत्या जाडीच्या अक्षरात, हे सगळं मोजूनमापून ठरतं. प्राण यांचं नाव सर्वांत शेवटी यायचं, 'आणि प्राण' असं, आणि त्या एका 'आणि'मुळे शेवटची जागा मानाची झाली. ३० बाय ४० इंचांचं एका कागदाचं पोस्टर म्हणजे मंडपासारखा प्रकार: कोण पहिल्या रांगेत बसलं, कोणाला मागे उभं राहावं लागलं, ते सगळ्या गावाला दिसतं.

आता १९७५, जानेवारीची अखेर, लालबाग. रात्रपाळीचा भोंगा होऊन गेलाय. दोन माणसं सायकलवर बादली अडकवून येतात. बादलीत मैद्याची खळ आहे, कीड आणि उंदीर लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद घातलेला. एक जण केरसुणीएवढ्या ब्रशानं भिंत ओली करतो, दुसरा घडी उलगडून कागद वरून खाली दाबत आणतो. दोन मिनिटांत भिंतीवर 'दीवार' उभी राहते.

पोस्टर दिवाकर करकरे यांचं आहे. जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा मराठी चित्रकार ब्रशाइतकाच रंगाच्या पात्यानं काम करतो. पात्यानं ओढलेला रंग कातडीवर ओरखड्यासारखा बसतो. १९५० नंतरच्या पोस्टरांतले नायक मऊ आणि चकचकीत होते. हा नायक खरवडलेला आहे. गोदीत हमाली करणाऱ्या माणसाची गोष्ट सांगायला गुळगुळीत गाल चालणार नव्हते.

पाळी सुटलेले कामगार थांबतात. एकाच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले आहेत. तो चित्रातल्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघतो. "ह्यो आपल्यातलाच वाटतोय," तो सोबत्याला म्हणतो. मग तुमच्याकडे वळून, "पाव्हणं, तुमी बगितला का? कसा हाये?"

प्रश्न आता 'यात कोण आहे' इथे आला होता. पण त्याच्या तोंडून ऐकलात ना? तो विचारतोय, यात मी आहे का.

लालबाग, १९८२

इथे फार वेळ थांबू नका, पण टाळूनही जाऊ नका. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झालाय. भोंगे गप्प आहेत. भारतमाता सिनेमाच्या बाहेर पोस्टर आहे, फोटोसेटची काचेची पेटी आहे, त्यात आतल्या प्रसंगांचे फोटो टाचण्यांनी लावलेले आहेत. कामगार येतात, पेटीसमोर उभे राहतात, एकेक फोटो डावीकडून उजवीकडे बघतात आणि परत जातात. काहींनी त्या दहा-बारा फोटोंतूनच आख्खी गोष्ट जुळवली आहे. तिकिटाच्या खिडकीशी कोणी नाही. पोस्टर विकण्यासाठी असतं, हे खरं. पण विकत घेणं जमत नाही त्या दिवशीही ते माणसाला काहीतरी देऊन जातं, हे या पेटीसमोर उभं राहिल्यावर कळतं.

दादर, आज

परत या. कोरोनेशन राहिलं नाही. मॅजेस्टिक, जिथे १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' बोलू लागला, तेही गेलं. दादरच्या कोहिनूरच्या जागी मॉल आहे. चित्रा २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं. हातानं रंगवलेला बोर्ड नव्वदच्या दशकात फ्लेक्सनं घालवला. चाळीस फुटांचा चेहरा आता काही तासांत छापून येतो, आणि भुवई वर घे म्हणून ओरडणारा माणूस लागत नाही. याचं दुःख आहे. पण शिळाछापाचा दगडही कधीतरी असाच बाजूला पडला होता. हत्यारं बदलतातच.

मला हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमच्या हातातला फोन काढा. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या एकाच चित्रपटासाठी बरीच चित्रं तयार ठेवतात आणि तुम्ही आधी काय पाहिलंत यावरून तुम्हाला कोणतं दाखवायचं ते ठरवतात. प्रेमकथा बघणाऱ्याला मिठीतलं जोडपं, विनोदी चित्रं बघणाऱ्याला हसरा चेहरा. तुम्हाला जे दिसतं ते शेजारच्याला दिसत नाही. शब्द दिला जातो, पण प्रत्येकाच्या कानात वेगळा.

भिंतीवरचं पोस्टर असं करू शकत नव्हतं. गिरणीचा मालक मोटारीतून आणि गिरणीचा कामगार पायी त्याच एका चेहऱ्यासमोरून जायचे. शब्द चारचौघांत दिलेला असायचा, म्हणून तो मोडला तर चारचौघं विचारायची. फाळक्यांनी मैल वाढवून सांगितले, तरी ते सगळ्यांना एकच आकडा सांगत होते. आणि एकच चित्र सगळ्यांनी पाहिल्यामुळे अनोळखी माणसांना आपसात बोलायला विषय मिळायचा. कारकून तुमच्याशी बोलले, आजी बोलल्या, केसांत कापूस अडकलेला तो कामगार बोलला. मधे पोस्टर नसतं, तर कुणीच तुमच्याशी बोललं नसतं.

प्लाझासमोर या. संध्याकाळची गर्दी आहे, फूल बाजाराकडून झेंडूचा वास येतोय. थिएटरच्या दर्शनी भागावर एका मराठी चित्रपटाचा फ्लेक्स लागला आहे. भाजीची पिशवी घेतलेल्या एक काकू थांबतात, पिशवी दुसऱ्या हातात घेतात आणि मान वर करतात. तुम्हीही बघता. थोडा वेळ दोघंही त्याच चेहऱ्याकडे बघत उभे राहता.

मग त्या तुमच्याकडे वळतात.

"पाहिलात का हो? कसा आहे?"

खिशातले तीन आणे आता चालत नाहीत. पण तो प्रश्न अजून चालतो. उत्तर द्या.